ताप, रिपोर्ट आणि भिंतीवरची दिनदर्शिका



घरातल्या तान्ह्या बाळाला ताप आला की सारे घरच आजारी पडल्यासारखे होते. आई-वडील दवाखान्याच्या फेऱ्या मारतात आणि रात्रीच्या जागरणात आईच्या बरोबरीने आजी-आजोबाही असतात. म्हणून आजचा विषय बाळाचा असला, तरी हा लेख मी तुमच्यासाठी लिहीत आहे. ज्यांच्या मांडीवर ते बाळ दिवसातले कितीतरी तास असते, त्यांच्यासाठी.

तीन वर्षांपूर्वीची आषाढातली एक दुपार मला चांगली आठवते. बाहेर पावसाची झड लागली होती. एक आजी नऊ महिन्यांच्या नातवाला दुपट्यात गुंडाळून घेऊन आल्या. सोबत सून होती आणि सुनेच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली फाइल. अडीच महिन्यांत बाळाला चौथ्यांदा ताप आला होता. दोन वेळा अँटिबायोटिकची बाटली संपवून झाली होती. आदल्या दिवशी केलेल्या रक्ताच्या रिपोर्टवर चार आकड्यांपुढे ठळक तारे छापलेले होते. सून बाळाला तपासणीच्या टेबलावर निजवत असताना आजी माझ्याकडे वाकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, ह्याच्या रक्तात काही वाईट तर नाही ना? मुलानं मोबाइलवर काहीतरी बघितलंय. सांगत नाही, पण दोन दिवस नीट जेवला नाही.”

“काही नाही हो आजी, काळजी करू नका,” असे म्हणणे सोपे होते. ते खरे झाले नसते. मी म्हणालो, “आज मला ठाऊक नाही. पण ते कसे शोधायचे, ते ठाऊक आहे. त्यात तुमची मदत लागेल.” ती मदत कोणती, हेच आज सांगायचे आहे.

ताप मोजावा आणि लिहावा

जर्मनीतील लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हजारो रुग्णांचे तापमान वारंवार मोजून त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. ताप हा स्वतः रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे, आणि त्याचा चढउतार वैद्याला पुष्कळ काही सांगतो. दीडशे वर्षांनंतरही हे तितकेच खरे आहे. मात्र तो चढउतार कोणीतरी लिहून ठेवलेला असला पाहिजे.

कपाळाला हात लावून ताप ‘आहे की नाही’ याचा अंदाज येतो, ‘किती’ ते कळत नाही. डिजिटल थर्मामीटर कोरड्या काखेत धरावा आणि बीप वाजेपर्यंत बाळाचा हात अंगाशी लावून ठेवावा. बाळ नुकतेच शेक-शेगडीपासून उठवले असेल किंवा दुपट्यांत गुंडाळलेले असेल, तर कपडे सैल करून पंधरा-वीस मिनिटांनी मोजावे. १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजेच ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक, याला आम्ही ताप म्हणतो. काखेत तापमान थोडे कमी दिसते, म्हणून ९९.५ च्या पुढे आकडा गेला की तासाभराने पुन्हा मोजावे.

निरोगी बाळालाही वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-ताप येऊ शकतो. घरात बालवाडीत जाणारे भावंड असेल तर याहूनही अधिक. त्यामुळे ताप किती वेळा आला, याइतकाच दुसरा एक प्रश्न महत्त्वाचा आहे: दोन तापांच्या मधल्या दिवसांत बाळ कसे होते? ते हसत होते का, दूध आवडीने पीत होते का, वजन वाढत होते का? मधले दिवस चांगले असतील, तर बहुधा ते निरनिराळे साधे ताप असतात. मधल्या दिवसांतही बाळ कोमेजलेले राहिले, वजन थबकले, तर तो एकच आजार आत मुक्काम ठोकून बसला आहे असे समजून शोध घ्यावा लागतो.

तारे छापलेले आकडे

आता त्या रिपोर्टकडे वळू. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर उजवीकडे ‘सामान्य मर्यादा’ असते. पुष्कळदा ती मोठ्या माणसांची असते. बाळाचे रक्त हे मोठ्या माणसाच्या रक्ताची छोटी आवृत्ती नव्हे.

मोठ्या माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ४,००० ते ११,००० असतात. वर्षाच्या आतील बाळात त्या १६-१७ हजारांपर्यंत असल्या तरी ते स्वाभाविक असू शकते. सुई टोचताना बाळ जोरात रडले, एवढ्यानेही आकडा चढतो. मोठ्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल या पेशींचे प्रमाण अधिक आणि लिम्फोसाइट कमी. बाळात पहिल्या काही दिवसांनंतर हे उलटे होते आणि चार-पाच वर्षांचे होईपर्यंत तसेच राहते. म्हणून बाळाच्या रिपोर्टवर लिम्फोसाइट ६० टक्के आणि पुढे तारा दिसला, तर दचकण्याचे कारण नाही. दोन महिन्यांच्या बाळाचे हिमोग्लोबिन १० च्या आसपास उतरते, तेही निसर्गनियमाने. जन्मानंतर फुप्फुसांतून भरपूर प्राणवायू मिळू लागतो आणि शरीर काही आठवडे नव्या तांबड्या पेशी बनवण्याचे काम मंद करते. ताप येऊन गेल्यावर किंवा शरीरात लोह कमी असल्यास प्लेटलेट वाढलेल्या दिसतात. उलट, नमुना घेताना वेळ लागला आणि जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्ताची बारीक गुठळी झाली, तर प्लेटलेट खोट्याच कमी दिसतात. अशा वेळी नमुना पुन्हा घेणे हीच पहिली पायरी असते.

तपासणीची वेळही महत्त्वाची असते. शरीरातील दाह दाखवणारी सीआरपी ही चाचणी ताप सुरू झाल्यावर लगेच केली तर सामान्य येऊ शकते. ती चढायला सहा ते बारा तास लागतात. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. विषमज्वराच्या शंकेने पहिल्याच आठवड्यात केलेल्या विडाल चाचणीवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. तेथे रक्ताचे कल्चर अधिक खरे बोलते, आणि तेही अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी घेतलेले असेल तर.

मग कोणताच तारा खरा नसतो का? असतो. त्या बाळाच्या रिपोर्टवर तीन ताऱ्यांकडे मी दुर्लक्ष करू शकलो, चौथ्याकडे नाही. एकूण पांढऱ्या पेशी ५,२०० आणि त्यांत न्यूट्रोफिल फक्त ९ टक्के. गुणाकार केला तर ४६८. जंतूंशी सर्वांत आधी लढणाऱ्या या पेशी १,५०० च्या खाली गेल्या तर त्या कमी आहेत असे आम्ही म्हणतो, आणि ५०० च्या खाली गेल्या तर फारच कमी. टक्केवारी पाहून फसू नये. एकूण संख्येशी तिचा गुणाकार करून येणारा आकडा पाहावा, आणि तसा तो काढून दाखवायला आपल्या डॉक्टरांना सांगावे.

अंगात ताप आणि लढणाऱ्या पेशी इतक्या कमी, अशा बाळाला घरी ठेवायचे नसते. मी साधा एमबीबीएस. माझे काम तेथे चिठ्ठी लिहून देण्याचे होते. त्याच संध्याकाळी बाळ मोठ्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांकडे दाखल झाले.

वाट पाहण्याचे उपचार

तेथे रक्ताचे आणि लघवीचे कल्चर घेतले गेले. त्यांचे निकाल हाती येईपर्यंत शिरेतून अँटिबायोटिक दिले. पॅथॉलॉजिस्टनी रक्ताचा काचेवरचा थर स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. यंत्र पेशी मोजते; पेशीचा चेहरा ओळखण्यासाठी मात्र माणसाचा डोळा लागतो. कर्करोगाच्या अपक्व पेशी त्यात नव्हत्या. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट ठीक होत्या. यकृत, प्लीहा वाढलेली नव्हती. अंगावर रक्ताचे ठिपके नव्हते. वजन वयाप्रमाणे होते. एकाच जातीच्या पेशी कमी आणि बाकी सारे नीट, ही त्यातल्या त्यात धीर देणारी गोष्ट होती. दोन किंवा तीन प्रकारच्या पेशी एकदम कमी असत्या, बाळ पांढरेफटक पडले असते, पाय हलवताना कळवळले असते, तर शोधाची दिशा वेगळी झाली असती.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, कल्चर स्वच्छ आले आणि बाळ घरी आले. तज्ज्ञांनी सांगितले, “आता थांबायचे आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा मोजायचे.” कारण न्यूट्रोफिल कमी होण्याचे बाळातले सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे साधा विषाणूजन्य ताप, तसे असेल तर काही आठवड्यांत पेशी आपोआप वाढतात. दुसरे एक दुर्मीळ कारण असे, की पेशी ठरावीक चक्राने, साधारण दर २१ दिवसांनी, खाली जातात आणि त्या वेळी ताप व तोंडात फोड येतात. ते ओळखण्यासाठी सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा रक्त तपासायचे ठरले.

आजींना हे पटेना. “एवढंसं बाळ, आणि सारखं टोचायचं? औषध द्या की काहीतरी.” मी त्यांना विचारले, आधीचे ताप नेमके कोणत्या तारखांना आले होते? सुनेला नीट सांगता येईना. आजी म्हणाल्या, “माझ्या दिनदर्शिकेत आहे ना!”

दुसऱ्या दिवशी भिंतीवरची दिनदर्शिका माझ्या टेबलावर आली. दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर, एकादशी, आणि त्याच खणांत बारीक अक्षरांत ‘बाळ ताप’, ‘१०२’, ‘उतरला’. चार तापांमधली अंतरे मोजली: २६ दिवस, १७ दिवस, ३३ दिवस. चक्राचा ताल त्यांत नव्हता. आणि चारपैकी तीन वेळा, तापाच्या एक-दोन दिवस आधीच्या खणात आणखी एक नोंद होती: ‘ताईला सर्दी’. बाळाची थोरली बहीण त्याच उन्हाळ्यात बालवाडीत जाऊ लागली होती.

सहा आठवड्यांच्या तपासण्यांनी तेच सांगितले. आकडे कमीच राहिले, ५४०, ६१०, ७२० असे. पण चक्र दिसले नाही. तज्ज्ञांनी निदान केले ते ऑटोइम्यून न्यूट्रोपेनिया. बाळाचे शरीर काही काळ आपल्याच न्यूट्रोफिल पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. हा प्रकार बहुधा ५ ते १५ महिन्यांच्या वयात लक्षात येतो आणि बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांचे होईपर्यंत आपोआप नाहीसा होतो. रोजचे औषध बहुतेकांना लागत नाही. लागते ती दक्षता: तोंड स्वच्छ ठेवणे, हात धुतल्याविना बाळाला न घेणे, लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर देणे, आणि ताप १००.४ ला पोहोचला की घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी तज्ज्ञांना दाखवणे.

माझी एक चूक

ही गोष्ट चांगली संपली म्हणून मी ती सांगितली, असे तुम्हाला वाटू नये. म्हणून दुसरीही सांगतो. ती वीस वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यातला चुकलेला माणूस मीच आहे.

आठ महिन्यांची मुलगी. दोन-अडीच महिन्यांत तीन वेळा ताप. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. घसा किंचित लाल दिसला, मी अँटिबायोटिक लिहून दिले. दोन दिवसांत ताप उतरला. पुन्हा आला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी रक्त तपासले. पांढऱ्या पेशी १९,८००, न्यूट्रोफिल ७४ टक्के. बाळाच्या वयाला हे प्रमाण उलटे होते. मी कागदावर ‘जंतुसंसर्ग’ असे लिहिले आणि औषध बदलले. जंतुसंसर्ग कोठे, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. मुलीचे आजोबा एकदा म्हणाले होते, “डॉक्टर, हिच्या लघवीला वास येतो, आणि करताना रडतेही.” मी म्हणालो, “उन्हाळा आहे आजोबा, पाणी थोडं जास्त पाजा.”

चौथ्या तापाच्या वेळी मी गावाला गेलो होतो. दुसऱ्या डॉक्टरांनी लघवीचे कल्चर केले. त्यात ई. कोलाय हा जंतू निघाला. पुढच्या तपासण्यांत कळले, की मूत्राशयातली लघवी उलटी मूत्रपिंडाकडे जात होती आणि डाव्या मूत्रपिंडावर व्रण राहिला होता. माझ्या प्रत्येक बाटलीने ताप तेवढा दबला होता. ती मुलगी आज कॉलेजात जाते, प्रकृतीने चांगली आहे; पण तिला दरवर्षी रक्तदाब तपासून घ्यावा लागतो. आजोबा आता नाहीत. त्यांची क्षमा मी ते असताना मागितली होती.

लघवीचा वास हा पक्का पुरावा नव्हे. पण ज्या तापाचे कारण बाहेरून दिसत नाही, त्या तापात बाळाची लघवी तपासलीच पाहिजे, हा नियम त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात मोडलेला नाही. नमुनाही नीट हवा. डायपरमधून पिळलेला किंवा चिकटवलेल्या पिशवीतला नमुना कल्चरला चालत नाही. त्यात त्वचेवरचे जंतू मिसळतात. बाळाला स्वच्छ धुऊन, लघवी सुरू झाल्यावर मधली धार निर्जंतुक बाटलीत धरावी. बाळ लघवी करीत नसेल, तर थंड पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा बेंबीखाली हलक्या हाताने फिरवला की पुष्कळदा काम होते. ते जमले नाही तर डॉक्टर बारीक नळीने नमुना घेतात. त्याला घाबरू नये.

या दोन्ही गोष्टींतून मी शिकलो ते इतकेच. रिपोर्ट सांगतो की शरीरात काहीतरी घडते आहे. काय आणि कोठे, ते बाळाकडे आणि बाळ सांभाळणाऱ्यांकडे पाहून शोधावे लागते.

तेल लावणारे हात

आजी, बाळाच्या टाळूवर तुम्ही रोज तेल घालता. ती टाळू एरवी किती खोल लागते, हे तुमच्या बोटांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असते. तापात बाळ शांत असतानाही ती टम्म फुगलेली लागली, तर मेंदूच्या आवरणाचा दाह असू शकतो. खोल गेलेली लागली, तर अंगातले पाणी कमी झाले आहे. मालीश करणाऱ्या हातांनाच काखेतल्या, जांघेतल्या गाठी आधी लागतात. पोट एका बाजूला टणक लागते, पाय धरताच बाळ कळवळते, हेही त्याच हातांना कळते. ताप असताना मालीश करू नये; पण या हातांना जे वेगळे जाणवले, ते डॉक्टरांना जरूर सांगावे.

एक उदाहरण देतो. जपानमधील डॉक्टर तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ साली एका मुलात एक विचित्र ताप पाहिला आणि १९६७ साली अशा ५० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. आज हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि तो आपल्याकडेही आढळतो. पाच दिवस किंवा अधिक न हटणारा ताप, चिपडांविना लाल झालेले दोन्ही डोळे, फुटलेले लाल ओठ, स्ट्रॉबेरीसारखी जीभ, अंगावर पुरळ, हातापायांना सूज, मानेत गाठ अशी त्याची लक्षणे आहेत. वर्षाच्या आतील बाळात यांपैकी काहीच दिसतात. याचे निदान एका रक्तचाचणीने होत नाही. मात्र आपल्याकडे बाळाला जन्मतःच डाव्या दंडावर बीसीजी टोचतात, आणि या आजारात तो जुना व्रण अचानक लाल होऊन सुजू शकतो. हे रोज तेल लावणाऱ्या आजीला दिसते. उपचार झाले नाहीत तर सुमारे चारांपैकी एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होते. पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन दिले तर हा धोका पुष्कळ कमी होतो. म्हणून ‘पाच दिवस ताप’ ही ओळ लक्षात ठेवा.

हे करू नये

उरलेल्या बाटलीतले अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने देऊ नये. त्याने कल्चर खोटे ठरते आणि आजार लपतो. ‘दात येताहेत म्हणून ताप आहे’ असे म्हणून थांबू नये. दात येताना अंग किंचित कोमट होईल, १०१-१०२ ताप येणार नाही. तापलेल्या बाळाला कुंची, मोजे आणि दोन दुपटी गुंडाळू नयेत. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये.

पॅरासिटामॉल वजनावर द्यायचे असते: दर किलोला १५ मिलिग्रॅम, किमान चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसातून चार वेळांहून अधिक नाही. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम लागते. थेंबांच्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते, तर साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५०. सिरप समजून थेंबांच्या बाटलीतले एक चमचाभर दिले गेले, तर मात्रा चौपट होते. चष्मा लावून बाटलीवरचा आकडा वाचा, आणि दिलेली वेळ लिहा. निमेसुलाइड हे औषध भारतात २०११ पासून १२ वर्षांखालील मुलांसाठी बंद आहे. ॲस्पिरिनही ताप उतरवण्यासाठी बाळाला देऊ नये. डेंग्यूची शंका असेल तर पॅरासिटामॉलखेरीज दुसरे तापाचे औषध नको. आणि ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण डेंग्यूत खरा धोका ताप उतरण्याच्या सुमारास असतो.

येथे थांबू नये

पुढीलपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. बाळ तीन महिन्यांच्या आतील आहे आणि ताप १००.४ किंवा अधिक आहे, मग ते कितीही हसरे असो. अशा बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाचे औषधही देऊ नये. बाळ गळून गेले आहे, उठवले तरी डोळा उघडत नाही, दूध ओढत नाही. सहा-आठ तासांत लघवी झालेली नाही. श्वास जोरात चालतो: दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा अधिक. आकडी आली. अंगावरचे लाल-जांभळे ठिपके काचेच्या पेल्याने दाबले तरी मावळत नाहीत. हातपाय गार, ओठ निळसर. रडणे कशानेही थांबत नाही. आणि कोणत्याही वयात, कारण न सापडलेला ताप पाचव्या दिवशी तसाच आहे.

न कळण्याचे दिवस

आजाराचे नाव कळेपर्यंतचे दिवस सर्वांत कठीण असतात. त्या दिवसांत घरात एक गोष्ट हमखास घडते: दोष कोणाचा, याचा शोध सुरू होतो. माहेरी नेले म्हणून, डोहाळे पुरवले नाहीत म्हणून, सुनेचे दूध लागले नाही म्हणून. माझे हात जोडून सांगणे आहे, की हे बोलू नका, आणि दुसरे कोणी बोलले तर तुम्ही वडीलकीने थांबवा. त्या आईला रात्रीचे सलग चार तास झोप मिळवून देणे, हे तुमच्या हातून होणारे फार मोठे औषध आहे. जागरणाच्या पाळ्या लावा. पण स्वतःच्या रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी चुकवू नका. दृष्ट काढायची असेल तर जरूर काढा. दवाखान्यात जाऊन आल्यावर काढा.

डॉक्टर सारखे बदलू नका. प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्या पानापासून सुरुवात करतो. एकच फाइल ठेवा, तारखेप्रमाणे. आणि भेटीला जाताना तीन प्रश्न लिहून न्या: तुम्हाला यात कशाची शंका वाटते? पुढची तपासणी केव्हा आणि कशासाठी? काय दिसले तर आम्ही लगेच यावे? या तिन्हींची उत्तरे देण्यास डॉक्टरांना दोन मिनिटे पुरतात, आणि ती मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

तो नातू आता चार वर्षांचा होईल. गेल्या महिन्यात आजी त्याला घेऊन आल्या होत्या. न्यूट्रोफिल २,१००, तज्ज्ञांनी आता वर्षातून एकदाच यायला सांगितले आहे. आजींनी या वर्षीची दिनदर्शिकाही गुंडाळून आणली होती. मी पाने उलटली. चार महिन्यांत ‘ताप’ हा शब्द एकदाही नव्हता. दुधाचा हिशेब मात्र अर्ध्या लिटरने वाढला होता. “मुलगा काय म्हणतो?” मी विचारले. “जेवतो आता,” आजी म्हणाल्या, “आणि मोबाइलवर काही बघायच्या आधी मला विचारतो.”